अठ्ठ्याण्णव

"अठ्ठ्याण्णव!" कुंताबाईंनी ओसरीवरून असं ओरडून सांगितलं, जसं काही ते मशीन त्यांनीच घडवलं होतं. "आयकलं काय वं साधना? ठणठणीत आहे पोरगा माया!"

साधना, धाकटी सून, दाराआड डोक्यावरचा पदर सावरत उभी होती. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात ती नर्सच्या हाताखाली कामाला होती. दिवसभर लोकांच्या बोटांना चिमटा लावायचा आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायचा. तसंच एक मशीन तिनं घरीही आणून दिलं होतं, पण घरात तिचे हात बांधलेले. खाटेवर तापानं पडलेले यादोराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर जायचं नाही, त्यांना हात लावायचा नाही, ही या घरची रीत. तेरा वर्षांत तिनं त्यांच्या हातात पाण्याचा गडवासुद्धा दिला नव्हता.

"आई, मले एकदा पाहू द्या न," ती म्हणाली. "दम लय लागून राहिला त्यायले."

"भासऱ्याचा हात धरतं? पगार सुरू झाला तं लाज इकून आली काय? इंग्रजी आकडे येतात मले. एस्टीवरचा नंबर वाचतो मी, गॅसवाल्याले नंबर सांगतो मी. पंच्याण्णवच्या वर चांगलं, हे तूच सांगतलं न? मंग?"

साधना दाराआडच थांबली. आकडा तर चांगलाच होता.

दुसऱ्या दिवशीही कुंताबाई लेकासमोर पाट टाकून बसल्या, त्याचा हात मांडीवर घेतला आणि चिमटा लावला. पुन्हा अठ्ठ्याण्णव. त्या दिवशी तर त्यांनी शेजारणीलाही बोलावून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी यादोरावांचे ओठ निळे पडले. ऑटोत घालून त्यांना भंडाऱ्याला, तिच्याच दवाखान्यात आणलं तेव्हा साधना ड्यूटीवर होती. वॉर्डात कोणी रीत विचारली नाही. बोटाला चिमटा लावायला तिनं भासऱ्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण तेवढंही बळ उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी मास्क लावला. साधना उशाशी उभी राहून बोटावरच्या चिमट्याचा आकडा पाहू लागली. बावन्न. साठ. बहात्तर. समोर, पायांकडच्या बाजूला, कुंताबाई पलंगाची दांडी धरून वाकल्या होत्या. बऱ्याच वेळानं आकडा चढायचा थांबला.

"शहाऐंशी," साधनानं डॉक्टरांना सांगितलं.

"अठ्ठ्याण्णव!" कुंताबाई त्याच क्षणी ओरडल्या. "डोळे फुटले काय तुये? अठ्ठ्याण्णव हाय थे. घरीबी हेच होतं!"

साधनानं एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा सासूकडे.

"आई, घरी तुम्ही कुठं बसत होत्या?"

"त्याच्या समोर. आखीन कुठं बसू?"

साधना थोडी सरकली आणि तिनं उशाशी जागा केली. सुनेला चांगलं झापावं म्हणून कुंताबाई फणफणत पलंगाला वळसा घालून आल्या. वाकल्या. अन् तशाच राहिल्या.

समोरून नऊ दिसत होता, तो इकडून सहा होता. आठ तसाच होता, पण आता तो आधी होता. शहाऐंशी. आज शहाऐंशी, काल शहाऐंशी, परवाही शहाऐंशीच.

"दोन दिवस आधी आणायला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. कुंताबाईंना कळलं.

"आई, मीच दाराआड राहिली," साधना हुंदका देत म्हणाली. "आत याले पायजे होतं."

"तू येतच होती. दारात मी उभी होतो." कुंताबाईंनी तिचा हात ओढून लेकाच्या हातावर ठेवला. "धर. सोडू नको आता."

दुपारनंतर आकडा उतरायला लागला. डॉक्टर धावले, नर्स धावली. साधनाच्या डोळ्यांत पाणी भरलं. तिला काही दिसेना. कुंताबाई उशाशीच उभ्या होत्या. खणखणीत आवाजात त्या वाचत गेल्या. एकोणऐंशी. एकाहत्तर. चौसष्ट. शेवटपर्यंत त्यांचा एकही आकडा चुकला नाही.