बरोचा शिक्का

नातीच्या, अपेक्षाच्या जात पडताळणीसाठी आपला जुना दाखला प्रमाणित करून घ्यायला आप्पासो तीन दिवस नगरपालिकेत खेटे घालत होते. त्यांच्या १९४९ सालच्या जन्मदाखल्यावर शिक्का होता 'बरो म्युनिसिपालिटी'चा.

"आजोबा, ही बरो कुठली? आधी तिच्याकडनं पत्र आणा," क्लार्कनं आजही कागद परत सरकवला.

"आवं सायेब, ह्याच पालिकेचं जुनं नाव हाय ते! पोरीची आज शेवटची तारीख हाय."

"पुरावा काय?" म्हणत त्यानं खिडकी लावून घेतली.

हताश आप्पासो बाकावर टेकायला वळले. तीन दिवस गर्दीत ते याच बाकावर ताटकळले होते. आज तो पहिल्यांदाच रिकामा होता.



बाकाची फळी म्हणजे एक जुनी पाटी होती. झिजली तरी अक्षरं वाचता येत होती : 'बरो म्युनिसिपालिटी'.