मधली हरकत

मोबाईलवर ऐकलेली एक अमेरिकन ब्लूग्रास लोकसंगीताची धून मन्तशाच्या अब्बांनी मॅन्डोलिनवर बसवायला घेतली. नोटेशन नव्हतं, सगळा भरवसा कानावर. बाकीची धून बसली, पण मधली एक अवघड हरकत काही केल्या हाताला लागेना. तिच्यापायी अख्खा उन्हाळा गेला, त्यांच्या पौडच्या दुकानात गिऱ्हाइकं ताटकळली. अखेर ती जमली, तेव्हा मन्तशानं रेकॉर्डिंग थेट ती धून वाजवणाऱ्या म्हाताऱ्या अमेरिकन वादकाला पाठवलं. त्यानं खूश होऊन व्हिडिओ कॉल केला.

अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. "इचार की गं, ती मधली हरकत बरोबर आली का?"

मन्तशानं विचारलं. म्हातारा खो खो हसला. "हरकत कसली? तिथं माझं बोट घसरलं होतं! पण तुझ्या वडिलांनी चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली."

अब्बा श्वास रोखून तिच्याकडे बघत होते. "काय म्हनत्यात?"

मन्तशा हसून म्हणाली, "म्हणतायत, हुबेहूब त्यांच्यासारखं वाजवलंत."

अब्बांचे डोळे भरून आले. स्वयंपाकघरातल्या बायकोकडे तोंड करून ते ओरडले, "ऐकलंस का, मैमुना? आन् तू रोज म्हनायचीस, तितं कायतरी चुकतंय!"