आवाज गेला तेव्हा

ऐन रंगात आलेल्या सिनेमाचा आवाज गेला.

"घ्या! झालं कल्याण," कंपाउंडर म्हणाला. बाईंनी रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. वकील उठला आणि टीव्हीच्या मागे हात घालून स्पीकरची वायर चाचपू लागला. तो काही खरा वकील नव्हता, कोर्टात कारकून होता. पण वाद घातल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे, म्हणून हे नाव पडलं. दर रविवारी दुपारी चौघं बाईंच्या घरी जमायची. आठवड्याला एक सिनेमा, मग चहा, मग भांडण. बाईंनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. भांडण हाताबाहेर गेलं की त्या टेबलावर चापट मारत.

पडद्यावर एक म्हातारा हातात पिशवी घेऊन आपल्या मुलीच्या दाराशी पोचला होता.

"अरे, बाजूला हो की जरा! नेमका आत्ताच काय मध्ये उभा राहतोस?"

हा मशीनमन. जन्म छापखान्यात काढून निवृत्त झालेला. खुर्चीतून पुढे झुकून, मान वाकडी करून तो वकिलाच्या कोपराखालून सिनेमा बघत होता.

"बघतोस काय डोंबल! आवाज कुठाय?" वकील भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला.

मशीनमन आणखी पुढे झुकला. पडद्यावर शेजारीण म्हाताऱ्याला काहीतरी सांगत होती. तिचं म्हणणं पटल्यासारखी मशीनमनने मान डोलावली.

बाईंचा रिमोटवरचा अंगठा थांबला. त्या उठून त्याच्या खुर्चीमागे गेल्या. "मशीनमन," त्यांनी हाक मारली. मग पुन्हा एकदा, शेवटच्या बाकावरच्या पोराला मारावी तशी. मशीनमन डोळे पुसत सिनेमा बघत राहिला.

वायर बसली. आवाज असा काही फुटला की तिघंही दचकली. तिघंच.

सिनेमा संपला. चहा आला.

एरवी मशीनमन शेवटी बोलायचा. आधी तिघांचे चेहरे बघून घ्यायचा, कोण चिडलंय, कोण हळवं झालंय. मग डोळ्यांनी टिपलेलं असं काही सांगायचा, की बाकीच्यांनी ते पाहिलेलंच नसायचं. त्यावर वकील तुटून पडायचा. तो काय म्हणतो ते अर्धंमुर्धं ओठांवरून कळायचं, उरलेलं मशीनमन हसण्यावारी न्यायचा. वर्षभर असं निभावलं होतं.

आज बाईंनी आधी त्यालाच विचारलं.

"तुम्हाला. कसा. वाटला?"

एकेक शब्द सुटा. तोंड भलं मोठं उघडून.

मशीनमनचा कप ओठांपाशी थांबला. असलं तोंड तो रोज घरी बघत होता. सून अशीच बोलायची, तेही जेवायला बोलावण्यापुरतं. घरातले सगळे हसले की तो विचारायचा, काय झालं? ओठ हलायचे: काही नाही. ते दोन शब्द त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही नेमके वाचता यायचे.

त्याने तिघांकडे पाहिलं. कंपाउंडर स्वतःच्या कपात बघत होता. म्हणजे कळलं यांना.

तरी तो बोलला. "म्हातारा बेल न वाजवता परत फिरला, कारण खिडकीतून त्याला लेक दिसली. एकटीच जेवत होती. पाय खुर्चीवर घेऊन, मजेत. बापाच्या घरी ती अशी कधी बसलीच नसणार. ते त्याला कळलं, म्हणून फिरला."

"अगदी बरोबर!" बाई मोठ्याने म्हणाल्या.

"वा! काय बोललात!" कंपाउंडर जोरजोरात मान हलवायला लागला. बाईही हलवत राहिल्या. दोघंही हसत होती, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी.

वकिलाची मान तेवढी हलत नव्हती.

या खोलीत आपल्याला कुणी बरोबर म्हटल्याचं मशीनमनला आठवेना. त्याने कप खाली ठेवला. अर्धा तसाच होता.

"पुढच्या रविवारी मला जमायचं नाही बहुतेक," तो म्हणाला. "त्याच्या पुढचंही... बघू."

बाई काहीतरी बोलल्या. त्याने तिकडे पाहिलंच नाही. तो दारापाशी जाऊन पायाने चपला शोधू लागला.

एक चप्पल पायात गेली तेवढ्यात मागून कुणीतरी त्याची बाही ओढली. वकील. तोंड लालबुंद, कपाळाची शीर तट्ट फुगलेली. त्याने त्या दिवसाचं वर्तमानपत्र भिंतीला टेकवलं, खिशातलं पेन काढलं आणि कागद फाटेल इतकं दाबून कोऱ्या कडेला काहीतरी खरडलं. मग तो कागद मशीनमनच्या नाकासमोर धरला.

"साफ चूक. फोनवर ती येऊ नका म्हणाली होती. तू ऐकलं नाहीस. म्हातारा भांडायला गेला होता."

मशीनमनने ते वाचलं. पुन्हा वाचलं, छापायच्या आधी मजकूर तपासावा तसं. मधल्या तीन शब्दांवर त्याची नजर जरा रेंगाळली.

मागे बाई वकिलाला रागावत असाव्यात. त्यांचे हात तसेच हलत होते.

एका पायावर भार देऊन मशीनमन तसाच उभा राहिला. मग त्याने पेनासाठी हात पुढे केला. कडेला फारशी जागा उरली नव्हती. त्याने बारीक अक्षरांत लिहिलं,

"मग भांडला का नाही?"