पुढचं अर्धं मिनिट

दुपारची ओपीडी संपली, डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सिस्टर केबिनमध्ये शिरली. ही वेळ तिने हेरून ठेवली होती. चष्मा डोळ्यांवर असला की डॉक्टर नाही म्हणतात, हे चौदा वर्षांत तिच्या पक्कं ध्यानात आलं होतं.

"सर, पगाराचं बोलायचंय."

"बोला की," म्हणत त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

तीन हजार, ती म्हणाली. घरमालकाने भाडं अडीच हजारांनी वाढवलं होतं आणि महिनाअखेरीपर्यंत कबूल करा, नाहीतर खोली सोडा, असं बजावलं होतं. वरचे पाचशे तिने स्वतःच्या मानासाठी धरले होते.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. त्यांच्याकडे पगारवाढ घरातल्या खाणाऱ्या तोंडांवर ठरायची. वॉर्डबॉयला तीन मुलं, त्याला तीनदा वाढ. आयाबाईंच्या सुनेला जुळं झालं, तेव्हा आयाबाईंनी एका दमात दोन वाढी पदरात पाडून घेतल्या. सिस्टरच्या नावापुढे कॅशियरने चौदा वर्षांपूर्वी एक शून्य काढलं होतं, ते अजून तसंच गोल गरगरीत होतं.

"तुम्हाला मागेपुढे कोण आहे, सिस्टर? एकट्या जिवाचा खर्च तो केवढा!"

"एकटीला खोली अर्ध्या भाड्यात मिळत नाही, सर."

हे वाक्य ती बसस्टॉपपासून घोकत आली होती. ठरवल्यापेक्षा जरा जोरातच पडलं. मग न घोकलेलंही बाहेर आलं. "आणि ज्यांच्या घरी माणसं आहेत, त्यांच्या सुट्ट्यांना ड्यूटीवर कोण असतं, तेवढं रजिस्टर एकदा बघा."

उत्तर द्यायला डॉक्टर उठले आणि तसेच खाली बसले. कपाळावर घाम फुटला होता. सिस्टरने न विचारता त्यांचं मनगट धरलं आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघितलं.

"काही नाही हो, जिना चढून आलो ना."

"जिना सकाळी चढलात. बोलू नका."

पहिलं अर्धं मिनिट नाडीचं. अठ्ठेचाळीस ठोके. पुढचं अर्धं मिनिट चोरीचं. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, घड्याळावर डोळा ठेवल्यासारखं करायचं आणि कडेने छातीकडे बघत श्वास मोजायचे. पेशंटला वाटतं, अजून नाडीच चाललीय. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस आपला साधा श्वास घेतच नाही, शहाण्यासारखा घ्यायला लागतो. ही युक्ती तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात याच डॉक्टरांनी शिकवली होती.

तिथेच पंचाईत झाली. अर्धं मिनिट उलटायचा अवकाश, डॉक्टरांची छाती एकदम संथ, रुबाबात हलू लागली.

"सर, चोरी करू नका."

"आणि तुम्ही काय करताय?"

सिस्टरने मनगट सोडलं नाही. सोंग फार वेळ टिकत नाही, हेही तिला त्यांनीच सांगितलेलं. थोड्या वेळाने त्यांचा दम सुटला आणि तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात चौदा. नको तेवढे होते.

"घरी कोणाला फोन करू?"

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आज मंगळवार ना?"

"हो."

"मुलाचा फोन रविवारी असतो."

मघाचं त्यांचंच ‘मागेपुढे कोण आहे’ आयतं तिच्या जिभेवर आलं. फुकट मिळालेली वस्तू ती सहसा सोडत नसे. ही सोडली.

मोकळ्या हाताने डॉक्टरांनी चिठ्ठीचं पॅड ओढलं. तीन हजार, याच महिन्यापासून. खाली सही. "कॅशियरला द्या. आणि हे बाहेर बोलू नका."

तिने चिठ्ठी वाचली आणि पेपरवेटखाली ठेवून दिली. "मी वाढ कामाची मागितली, सर. गप्प बसायची नाही. आधी ईसीजी काढू."

"आणि ईसीजीनंतर मी नाही म्हटलं तर?"

"तर महिनाअखेरीला खोली सोडेन. ईसीजी तर निघालेला असेल."

ईसीजी निघाला. मोठ्या हॉस्पिटलातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तो फोनवर बघितला आणि लगेच या म्हणाले. गाडी दाराशी लागली. वॉर्डात पाच पेशंट होते, सिस्टरला हलता येईना. वॉर्डबॉय बरोबर निघाला. गाडीत बसताना डॉक्टरांनी तिच्या हातात चिठ्ठी कोंबली. रक्कम तीच. खाली कारण म्हणून नव्याने लिहिलं होतं: चौदा वर्षं.

"सावकाश जा," ती वॉर्डबॉयला म्हणाली. डॉक्टरांना काय म्हणावं ते सुचेपर्यंत गाडी वळणावर गेली होती.

पाचही पेशंट बघून ती केबिनबाहेरच्या बाकावर टेकली. चिठ्ठी खिशात होती, खोली वाचली होती. ही बातमी सांगायला कोणाकोणाची नावं आठवतात ते तिने बघितलं आणि फोन परत ठेवला. मग सवयीने स्वतःचंच मनगट धरलं. नाडी बरोबर लागली. अर्ध्या मिनिटात पंचेचाळीस. मग मनगट न सोडता, घड्याळावर डोळा ठेवल्यासारखं करून, ती पुढच्या अर्ध्या मिनिटाला लागली.

दोनदा करून बघितलं. जमेना. मोजतंय कोण, ते तिला दर वेळी कळत होतं.