लाल येत नाही

“लाल कुठं मेला?” म्हणत त्यानं प्रिंटरवर गुद्दा हाणला. झाकण तडकलं. ऑफिसच्या तक्त्यातले लाल खांब पिवळे आले होते. त्यानं लाल शाईची कार्ट्रिज उपसून पाहिली, तर ती भरलेली. मग कागदाचा ट्रे ओढून भिरकावला. तो बायकोच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटला.

“माझ्यामागं काय छापत होतीस?” त्यानं तिचं मनगट पिरगाळलं.

सकाळी तिनं स्वतःच्या गळ्याचा फोटो छापला होता. त्याच्या बोटांचे वळ हिरवट, मळल्यासारखे आले, म्हणून फाडून टाकला. वकीलबाईंनी बजावलं होतं, “रंगीत फोटो कागदावर आणा. मोबाइल काय, तो फोडेलच.” दोन तर फोडून झाले होते. भेट उद्या होती आणि लाल काही येत नव्हता.

कोपऱ्यात सासूबाई बसल्या होत्या, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून. म्हातारपणाची थंडी म्हणे! लेकाचा हात उठला की त्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसत. सुनेला याचीच जास्त चीड येई. शेवटी आई त्याचीच ना!

आज मात्र त्या बोलल्या. “मी छापली शब्दकोडी, माझ्या मोबाइलवरून. शाईची वाट तुंबली असेल. साफ कर की. तुझ्यासारखं जमतं का कुणाला?”

स्वारी फुगली. मनगट सुटलं. जाता जाता त्यानं आईच्या खुर्चीला लाथ घातली, तेव्हा म्हातारीनं डावा हात पोटाशी घेतला.

त्यानं सफाईचं बटण दाबलं. चाचणीच्या कागदावर लाल रेघा तुटक्याच. पुन्हा दाबलं, पुन्हा तुटक्या. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा त्यानं वळून बायकोच्या कानशिलात भडकावली. वड्याचं तेल वांग्यावर! मग शिव्या देत शाईच्या तोंडावर कोमट पाण्याचा बोळा फिरवला. रेघ सलग उमटली.

“लाल नीट आला का रे?” सासूबाईंनी विचारलं.

“रक्तासारखा!” तो हसला. तक्ते छापले आणि दार आपटून निघून गेला.

तिनं आतून कडी घातली. मोबाइलवरून फोटो प्रिंटरला पाठवले. गळा, पाठ, मांडी. एकेक वळ जसाच्या तसा उतरला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिला नवऱ्याच्या हुशारीचा आनंद झाला.

मागं खुर्ची करकरली. तिनं घाईघाईनं तिन्ही कागद पाठीमागं लपवले.

एवढ्यात प्रिंटर पुन्हा घरघरला. तिनं तर तीनच पाठवले होते. चौथा कागद हळूहळू बाहेर आला. त्यावर एक सुरकुतलेला, काटकुळा हात होता. कोपराच्या वर चार बोटांचे लालजांभळे वळ.

ती वळली. सासूबाई मोबाइल घेऊन उभ्या होत्या. स्वेटरची डावी बाही खांद्यापर्यंत वर केलेली.

“फोनवरचं तुझं बोलणं ऐकलंय मी,” त्या म्हणाल्या. “उद्या वकीलबाईंकडं हाही ने. लाल नीट आलाय ना गं?”