सणावाराला नाइन्टी

उत्रोलीच्या हनुमंताच्या लेखी नाइन्टी म्हणजे पिणं नव्हेच. क्वार्टर म्हणजे दिवसभर चिखलात राबलेल्या अंगाला औषध, आणि दारू पितात ती गावातली बाकीची माणसं. लेकीसाठी सारोळ्याचं स्थळ बघून, सुपारी फोडूनच तो घरी आला, तेव्हा भलताच खुशीत होता.

"पारू, पोरगं एकदम निर्व्यसनी," ओसरीवर टेकत तो बायकोला म्हणाला. "सणावाराला नाइन्टी घेतं, त्येवढंच. त्याच्या बापानं सोताच सांगितलं, काय लपवलं न्हाई."

प्रगतीनं पाण्याचा तांब्या बापाच्या हातात दिला, आईजवळ गेली आणि तिच्या कपाळावरचा पदर हळूच मागं सारला.



"आण्णा, ही खोक नाइन्टीची, का क्वार्टरची?"