जाड पात्याचं काम

पातं अजून तुटलं नव्हतं. आग्नेल सुताराचा त्यावर विश्वास बसत नव्हता. नक्षीच्या करवतीत ताणलेलं ते केसासारखं बारीक पातं बुलबुलाच्या डोळ्याभोवती हलकेच फिरत होतं, आणि फळीखाली पिठासारखा भुसा गळत होता. एवढा एक डोळा झाला की फळी पुरी.

आतल्या खोलीत रोझमेरी कळा देत होती. पहिलं बाळंतपण, म्हणून लेक भुईगावहून माहेरी सांडोरला आली होती. सुईण मार्थाबाय सकाळपासून तिच्यापाशी होती, आणि बायको रेजिना गरम पाण्याची भांडी घेऊन आतबाहेर करत होती. अशा वेळी पुरुषाला आत जागा नसते आणि बाहेर चैन नसते. आग्नेलने आपलं ओट्यावर बसून करवतीला जवळ केलं होतं.

लढाई सुरू झाल्यापासून विलायती पाती मुंबईच्या दुकानांतून नाहीशी झाली होती. आग्नेलच्या बांबूच्या नळकांड्यात जाड पाती बरीच होती, मधलीही चार-दोन होती, पण बारीक हे एकच. ते त्याने देवळाच्या कामालाही काढलं नव्हतं. नातवंडाच्या पाळण्याला उशाशी जाळीची फळी बसवायची, तीसुद्धा अशी की भुईगावच्या व्याह्यांनी तोंडात बोट घालावं, एवढ्यासाठी त्याने ते जपून ठेवलं होतं.

सरळ कापायला जाड पातं, मोठ्या वळणाला मधलं आणि जाळीला बारीक, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून सांगत असे. जाड पात्याने नाजूक वळण घ्यायला गेलं की लाकूड फुटतं, आणि बारीक पात्याला घाई केली की ते जीव देतं. पण मनातून त्याला जाड पात्याची किंमत नव्हती. कोणी सरळ कापाचं काम घेऊन आलं की तो नाक मुरडून म्हणे, "सरळ काय, डोळे मिटूनपन कापता येतं."

फळीचं काम त्याने मधोमधपासून सुरू केलं होतं. पातं पहिल्याच दिवशी तुटणार असं धरून आधी केळफूल कापलं, मग त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन बुलबुल. पातं तुटलं नाही. मग त्याने दोन्हीकडे केळीची पानं काढली. तरी तुटलं नाही. देवळातल्या मेणबत्तीचं बुडखं पात्यावर घासत घासत त्याने पानांपुढे वेल नेली, वेलीला कळ्या आणल्या. फळी लांब होती, पातं गुणाचं होतं, आणि हाताला असं सुख लागलं होतं की थांबावं असं त्याला वाटेचना. बुलबुलांचे डोळे तेवढे त्याने अगदी शेवटी ठेवले होते.

डोळा सुटून खाली पडला आणि टण् आवाज करून पातं तुटलं. आग्नेल मोठ्यानं हसला. त्याने त्या तुकड्यांना कपाळाशी नेलं आणि रेजिनाला हाक मारली.

रेजिना आली. तिनं फळी पाहिली, आणि क्षणभर तीही आतलं सगळं विसरली. मग तिनं ओट्यावरच्या दोन वितींच्या पाळण्याकडे पाहिलं. फळी उचलून तिनं पाळण्याच्या उशाला लावली. दोन्हीकडून ती वीत-वीत बाहेर आली.

"अवो, पोरासाठी पाळना केलाय, का पावन्यांसाठी बाक?" ती म्हणाली.

आग्नेलचं तोंड उतरलं. सगळ्या जगाला मापं शिकवणारा सुतार नातवंडाच्या पाळण्याचं माप विसरला होता. पातं तुटत नाही म्हणून तो कापत गेला, आणि आता दुसरी फळी करायला पातंच उरलं नव्हतं. रेजिनाने समजूत घातली, दोन्ही टोकं थोडी छाटली तर चालेल, पोराला काय कळतंय. पण टोकं छाटायची म्हणजे वेल जाणार, कळ्या जाणार.

"ह्या फळीला आता करवत लावनार नय," आग्नेल म्हणाला, आणि पाठ फिरवून बसला.

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. कोवळं, रागावलेलं, खणखणीत. रेजिना आत धावली. आग्नेलने घाईघाईनं क्रुसाची खूण केली आणि फळीबिळी सगळं विसरून दाराशी जाऊन उभा राहिला. मार्थाबायने दार किलकिलं करून नात झाल्याचं सांगितलं. तो आनंदानं आत डोकवायला गेला, तर तिनं त्याला हातानेच थोपवलं.

"इतक्यात नाचू नको, आग्नेल. दुसरं वाटेवर हाय."

दुसरी आली ती पहिलीपेक्षा मोठ्यानं रडत आली. थोड्या वेळानं रेजिना दोन्ही हातांत दोन गाठोडी घेऊन ओट्यावर आली. हसत होती आणि पदर खांद्यावरून घसरलेला तिला कळत नव्हता. रोझमेरी बरी होती. दोन्ही पोरी धडधाकट होत्या. पाळणा मात्र एकच होता.

आग्नेलने एकीला पाहिलं, दुसरीला पाहिलं, आणि मग फळीकडे पाहिलं. इकडे एक बुलबुल, तिकडे एक बुलबुल. मधे केळफूल. त्याने कानावरची पेन्सिल काढली, काटकोनाचा गुण्या लावला आणि केळफुलाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"अवो, करवत लावनार नव्हता ना?" रेजिनाने विचारलं.

"जाड पातं लागंल," तो म्हणाला.

त्याने नळकांड्यातलं सगळ्यात जाड पातं काढलं, करवतीत ताणलं, त्यालाही मेण चोळलं आणि करवत रेघेवर टेकवली. तशीच थांबवली. बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा टेकवली. पण सरळ काय, डोळे मिटूनही कापता येतं म्हणणाऱ्या आग्नेलला ती एवढी मोठी सरळ रेघ काही केल्या दिसेना.